सही लहान होऊ लागते तेव्हा

व्यापारी घरात सहीला जे मोल असते, ते अन्यत्र क्वचितच आढळते. हुंड्यांचा काळ सरला, लाल चोपड्यांची जागा संगणकाने घेतली, तरी धनादेशाच्या उजव्या कोपऱ्यातले ते चार वळणांचे अक्षर म्हणजे अजूनही पेढीचा शब्दच होय. बँकेच्या सेवेत असताना हजारो सह्या नमुना सहीच्या कार्डाशी ताडून पाहण्याचे काम माझ्या वाट्याला आले. वय वाढले की सही सैल होते, कधी थरथरते, हे त्या कामात कळून येते. परंतु काही सह्या निराळ्याच रीतीने बदलतात. त्या लहान होत जातात. पहिले अक्षर नेहमीच्या आकाराचे, पुढचे किंचित लहान, आणि आडनावापर्यंत पोहोचेतो मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक. हाताला कंप सुटण्याच्या आधीपासूनही हे घडू शकते. पार्किन्सन्स या आजाराच्या आरंभीच्या खुणांमध्ये या बारीक होत जाणाऱ्या अक्षराची गणना होते.

या आजाराला आपल्याकडे कंपवात म्हणतात. त्या नावामुळे कंप म्हणजेच आजार असा समज रूढ झाला आहे. वस्तुस्थिती अशी की, काही रुग्णांना कंप जवळजवळ येतच नाही. मेंदूच्या तळाकडील एका लहानशा भागातल्या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. आपल्या हालचालींत जी सहजता असते, ती बरीचशी या रसायनामुळे. या पेशी हळूहळू कमी होत गेल्या की हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात, चेहऱ्यावरचे भाव मावळतात, आवाज खोल जातो, चालताना एक हात हलेनासा होतो. कित्येकांना त्याच्याही आधी वास येणे कमी होते, बद्धकोष्ठ जडते, झोपेत हातपाय झाडले जातात. यांतील प्रत्येक गोष्ट 'आता वय झाले' या एका वाक्यात खपून जाते. आजार संसर्गाने पसरत नाही, आणि बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत तो पिढीजातही नसतो. तो मुळापासून बरा करणारा उपाय अद्याप सापडलेला नाही. तथापि योग्य औषध, नियमित व्यायाम आणि जाणत्या माणसांची सोबत असेल, तर अनेक वर्षे चांगली जगता येतात. आजचा हा लेख त्या तिसऱ्या गोष्टीविषयी, म्हणजे सोबतीविषयी आहे.

माझ्या थोरल्या बंधूंचे लालबागला किराणा मालाचे घाऊक दुकान. संगणक आला तरी रोजमेळ ते स्वतःच्या हाताने लिहीत. पुढे जेव्हा निदान झाले, तेव्हा पुतण्याने जुने रोजमेळ काढून पाहिले. निदानाच्या तब्बल दोन वर्षे आधीपासून ओळीच्या अखेरीस आकडे बारीक होत गेलेले स्पष्ट दिसत होते. त्या काळात त्यांचे दोन धनादेश 'सही जुळत नाही' या शेऱ्यासह परत गेले. बाजारात शेऱ्याची चर्चा होत नाही, धनादेश परत गेल्याची होते. 'शेठनी हात आखडता घेतलाय' अशी कुजबुज सुरू झाली. हात आखडला होता हे खरेच, पण कोणत्या अर्थाने, हे कोणाला ठाऊक होते? गल्ल्यावर बसलेला माणूस हसेनासा झाला, म्हणून जुनी गिऱ्हाइके नाराज झाली. फोनवरचा आवाज खोल गेला, म्हणून मालाच्या मागणीत चुका होऊ लागल्या.

निदान झाल्यावर घरात पहिला विचार आला तो गुप्ततेचा. उधारीवर माल देणारे काय म्हणतील? नातीचे स्थळ पाहणे चालू होते, ते लोक काय म्हणतील? दादांनी दुकानात येणे थांबवले. कोणी विचारले तर 'पाठ दुखते' असे सांगायचे ठरले. वहिनींनी देवदर्शनाला जाणेही कमी केले, कारण तिथे चार बायका विचारणारच. अशा रीतीने एका माणसाच्या आजाराने तीन वर्षे सगळे घर दाराआड नेऊन बसवले.

हे केवळ आमच्याच घरी घडले असे मुळीच नाही. केईएमच्या बाह्यरुग्ण विभागात दादांना घेऊन वहिनी बाकावर बसल्या होत्या. तिथे समोरून आले ते त्यांच्याच गल्लीतले, तीस वर्षे ओळखीचे असलेले एक धान्य व्यापारी. सोबत त्यांच्या मातोश्री. दोन्ही घरांनी एकमेकांना 'गावी चाललो आहोत' असे सांगून सकाळी घर सोडले होते. आधी दोघांनाही संकोच झाला. मग त्या गृहस्थांनी विचारले, 'वहिनी, तुमच्याकडे गोळीची वेळ चुकली की पाय जमिनीला चिकटतात का हो?' वहिनी नंतर मला म्हणाल्या, 'भावजी, तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला नेमका प्रश्न विचारला.'

बँकेतल्या माणसाला पतीविषयी एक गोष्ट अनुभवाने पटलेली असते. हप्ता थकल्यावर तोंड चुकवणारा कर्जदार आणि हप्त्याच्या आठ दिवस आधी येऊन 'या वेळी अडचण आहे, पुढल्या महिन्यात भरतो' असे सांगणारा कर्जदार, या दोघांची अडचण कदाचित सारखीच असते. विश्वास मात्र दुसऱ्यावर बसतो. दादांच्या दुकानाबाबत अखेर तेच झाले. पुतण्याने प्रमुख पुरवठादारांना स्वतः भेटून सांगितले की वडिलांना पार्किन्सन्स आहे, सह्या यापुढे मी करीन, सल्ला मात्र त्यांचाच राहील. एकानेही उधारी बंद केली नाही. दोघांनी तर आपापल्या घरातली तशीच हकीकत सांगितली. नातीचे लग्न ठरले, तेही सर्व काही सांगून.

या आजाराची ओळख वैद्यकाला झाली, तीच मुळी चालत्याबोलत्या माणसांकडे लक्ष गेल्यामुळे. जेम्स पार्किन्सन हे लंडनच्या हॉक्स्टन भागात व्यवसाय करणारे वैद्य. १८१७ साली त्यांनी या व्याधीवर एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्याचा आधार अवघ्या सहा माणसांच्या हकिकती. त्यांतले दोघे त्यांना रस्त्यात भेटलेले, त्यांना थांबवून विचारपूस केलेली. एकाला तर केवळ दुरून पाहिलेले. निबंध बरीच वर्षे दुर्लक्षित राहिला. पुढे फ्रान्समधील विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी त्याचे महत्त्व ओळखून व्याधीला पार्किन्सन यांचे नाव दिले. ११ एप्रिल हा पार्किन्सन यांचा जन्मदिवस आज जगभर पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या मुंबईतही या आजाराच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा अध्याय लिहिला गेला, आणि तो लिहिला गेला एका लहान समाजाच्या मोकळेपणामुळे. डॉ. नादिर भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील पारशी वसाहतींमध्ये घरोघर पाहणी केली. १४,०१० माणसांची चौकशी झाली, त्यांत पार्किन्सन्सचे ४६ रुग्ण आढळले. दर लाखामागे हे प्रमाण सुमारे ३२८ पडते. १९८८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा जगात इतरत्र आढळलेल्या प्रमाणांच्या तुलनेत हा आकडा बराच मोठा होता. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण अधिक, हे त्याचे एक उघड कारण. मला यात मोल वाटते ते निराळ्या गोष्टीचे. दारावर आलेल्या डॉक्टरांना त्या घरांनी 'आमच्याकडे तसे काही नाही' असे सांगून परत पाठवले नाही. ४६ घरांनी दार उघडले, म्हणून हा आकडा आज जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेला आहे. आपल्या समाजाची अशी पाहणी उद्या झाली, तर किती दारे उघडतील?

मोकळेपणाला संघटित रूप देण्याचे काम महाराष्ट्रात ठळकपणे झाले ते पुण्यात. पार्किन्सन्स मित्रमंडळ ही तेथील संस्था रुग्णांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी स्वतःच चालवलेली आहे. नावात 'मित्र' शब्द आहे, तो उगीच नव्हे. या मंडळात रुग्णाला रुग्ण म्हणत नाहीत, शुभार्थी म्हणतात. त्याची देखभाल करणाऱ्याला म्हणतात शुभंकर. शब्द बदलल्याने आजार बदलत नाही, हे खरे. पण ज्या माणसाला दिवसभर 'पेशंट' म्हणून हाक ऐकावी लागते, त्याच्या मनावर या एका शब्दाचा काय परिणाम होतो, ते आम्ही दादांच्या बाबतीत पाहिले आहे. सभा, सहली, एकमेकांच्या घरी भेटी, एप्रिलमधला वार्षिक मेळावा असा त्या मंडळाचा परिपाठ. पुण्यातच नर्तक हृषीकेश पवार यांनी शुभार्थींसाठी नृत्यवर्ग चालवले. चालताना अडखळणारी पावले तालावर मोकळी होतात, हा त्यामागचा अनुभव.

मुंबईत ज्येष्ठ मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल यांनी २००१ साली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ही संस्था स्थापन केली. शहराच्या निरनिराळ्या भागांत आणि मुंबईबाहेरही तिची केंद्रे चालतात. व्यायाम, वाचा, आहार, मनःस्वास्थ्य यांविषयी तेथे विनामूल्य मार्गदर्शन मिळते. सगळे एकत्र बसलेले असतात, हे त्या मार्गदर्शनाइतकेच मोलाचे.

एकाचे निरीक्षण दुसऱ्याच्या कसे उपयोगी पडते, याचे एक सुंदर उदाहरण पुण्याच्याच मिलेहा सोनेजी या तरुण अभिकल्पकाराने जगासमोर ठेवले आहे. त्यांच्या काकांना पार्किन्सन्स. सपाट जमिनीवर ते अडखळत, चालण्यासाठी आधार घेत. मात्र तेच काका जिना सहज उतरत आणि चढत. प्रत्येक पायरी म्हणजे पावलाला दिलेली एक खूण. हे ध्यानात येताच सोनेजींनी जमिनीवर पायऱ्यांचे चित्र अंथरले, आणि काका त्यावरून न थांबता चालू लागले. ही युक्ती सापडली, कारण कोणीतरी घरात बसून प्रेमाने पाहिले. ती आज इतरांना ठाऊक आहे, कारण तिने ती सांगितली.

या उदाहरणांवरून धीर घेऊन परळला आमच्या इमारतीच्या सोसायटी कार्यालयात आम्ही महिन्यातून एका रविवारी बसू लागलो. प्रारंभी चार घरे होती. आता अकरा आहेत. त्यांत आपल्या समाजातली सहा, उरलेली परळ-लालबागची. आजाराला जात, पंथ, बाजार काही कळत नाही, तसे या बैठकीलाही कळत नाही. साचे खात्यात हयात घालवलेले एक निवृत्त गिरणी कामगार येतात. पाय जमिनीला चिकटले की ते मनात सांचाचा खट-खट ताल धरतात आणि पाऊल टाकतात. आमच्या दादांना तो ताल जमेना. ते पोती मोजल्यासारखे 'रामा, दोना, तिना' असे पुटपुटतात, आणि त्यांचे पाऊल सुटते. मूळ तत्त्व एकच. आतली प्रेरणा मंद झाली, की बाहेरचा ताल किंवा बाहेरची रेघ तिच्या मदतीला येते. म्हणूनच कोऱ्या कागदावर बारीक होणारे अक्षर आखीव कागदावर पुष्कळसे सावरते. दादा आता रोज सकाळी आखलेल्या वहीत एक पान लिहितात.

अशा लहान लहान गोष्टी डॉक्टरांच्या दहा मिनिटांत बसत नाहीत. रात्री कूस वळणे जड जाते, तर गुळगुळीत कापडाची चादर घालावी. बटणांऐवजी चिकटपट्टीचे सदरे शिवून घ्यावेत. जाड मुठीचा चमचा वापरावा. रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचन करावे, म्हणजे आवाज टिकतो. दोन कामे एकदम करू नयेत, चालताना बोलू नये आणि बोलताना चालू नये. यांतले प्रत्येक वाक्य कोणीतरी स्वतःच्या पडण्या-झडण्यातून मिळवलेले आहे.

काही हकिकती मात्र याहून फार गंभीर असतात. एक सांगतो, सांगणाऱ्यांच्या अनुमतीने आणि ओळख पटणार नाही एवढा तपशील बदलून. आयुष्यभर एक पैसा सट्ट्यात न घातलेले एक सत्तरीतले व्यापारी अचानक शेअर बाजारात दिवसाची उलाढाल करू लागले. मुलांना न सांगता मुदत ठेवी मोडल्या. घरात भांडणे झाली, 'म्हातारपणी बुद्धी फिरली' असे शब्द गेले. त्यांच्या पत्नीने बैठकीत हे सांगितले, तेव्हा तिचा आवाज फुटत नव्हता. पलीकडे बसलेल्या एका मुलीने विचारले, 'मावशी, गेल्या वर्षभरात त्यांची कोणती नवी गोळी सुरू झाली होती का?' तिच्या वडिलांना असाच अनावर खरेदीचा नाद लागला होता, आणि तो गोळीमुळे होता. पार्किन्सन्सवरच्या डोपामिनसारखे काम करणाऱ्या काही औषधांमुळे थोड्या रुग्णांत जुगार, खरेदी, खाणे यांचा अनावर नाद लागू शकतो. वैद्यकाला हे ठाऊक आहे. पण लाजेमुळे घरचे ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालतच नाहीत. या घराने ती घातली. डॉक्टरांनी औषध टप्प्याटप्प्याने बदलले, आणि सहा महिन्यांत ते गृहस्थ पूर्वीसारखे झाले. पैसा काही परत आला नाही. बापाविषयीचा आदर परत आला. व्यापारी घरांनी ही एक गोष्ट तरी अवश्य ध्यानात ठेवावी. त्याचबरोबर हेही, की यांतली कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

गोळ्यांचा विषय निघाला म्हणून आपल्या घरांतल्या एका खास प्रश्नाविषयी लिहितो. पार्किन्सन्सच्या औषधांत लेव्होडोपा हे मुख्य. त्याची वेळ आगगाडीच्या वेळापत्रकासारखी पाळावी लागते. डाळ, दूध अशा प्रथिनयुक्त आहाराबरोबर ते घेतले, तर त्याचे शोषण कमी होऊ शकते, म्हणून डॉक्टर ते बहुधा जेवणाच्या आधी घ्यायला सांगतात. आता आपल्याकडे चौविहार करणारी वडीलधारी माणसे सूर्यास्तानंतरची गोळी टाळतात. पर्युषणात उपवास धरला की कित्येकदा दिवसाच्याही गोळ्या सुटतात. हे औषध एकाएकी बंद झाल्यास अंग लाकडासारखे ताठणे, तीव्र ताप चढणे असे जिवावरचे प्रसंग ओढवू शकतात. आमच्या बैठकीत एका कुटुंबाने पर्युषणाच्या चौथ्या दिवसाचा असा अनुभव सांगितला, तेव्हा आणखी दोन घरांनी त्याच वर्षी आधीच काळजी घेतली. पच्चक्खाणाच्या सूत्रांत समाधी टिकवण्यासाठीचा आगार पूर्वाचार्यांनी मुळातच ठेवला आहे. व्रताचा विचार गुरुमहाराजांना आणि गोळीचा विचार डॉक्टरांना, असे दोघांनाही व्रतापूर्वी विचारावे. सायंकाळी घेऊन रात्री सावकाश उतरणाऱ्या गोळ्याही असतात. पण डॉक्टरांना चौविहाराची कल्पनाच दिली नाही, तर ते तरी काय सुचवणार?

याच ओघात खाजकुइलीविषयीही दोन शब्द. आयुर्वेदात कंपवातासाठी वापरल्या जाणाऱ्या या बियांमध्ये लेव्होडोपा खरोखरच असते. मद्रासमधील दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी १९३७ साली ते त्यांतून वेगळे काढले होते. म्हणूनच काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली तिची पूड निरुपद्रवी समजून गोळ्यांच्या जोडीला घेऊ नये. एकाच औषधाची मात्रा नकळत दुप्पट होण्याचा तो प्रकार आहे.

माझ्या जुन्या व्यवसायाशी निगडित काही गोष्टी बैठकीत वारंवार विचारल्या जातात, त्या येथे एकत्र देतो. सही बदलू लागली आहे असे दिसताच बँकेत जाऊन नवी नमुना सही द्यावी, आणि खाते विश्वासातल्या व्यक्तीसह संयुक्त करून घ्यावे. नामनिर्देशन तपासावे. सही करणे अशक्य झाले, तरी खातेदाराचा पैसा अडकून पडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार आजारी वा वृद्ध खातेदाराच्या अंगठ्याचा ठसा दोन स्वतंत्र साक्षीदारांच्या ओळखीने स्वीकारता येतो. त्यांतील एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही उमटवता येत नसेल, तर नुसत्या खुणेचीही तरतूद आहे. सत्तरीपुढील ज्येष्ठांना रोख रक्कम, हयातीचा दाखला इत्यादींसाठी घरपोच सेवा देण्याची सूचना २०१७ सालापासून आहे. शाखेत लेखी अर्ज करून ती मागावी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य केलेल्या २१ प्रकारांमध्ये पार्किन्सन्सचा समावेश आहे. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत उपचारखर्चाची वजावट मिळते. त्यासाठी अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्याचे मज्जाविकारतज्ज्ञाचे प्रमाणपत्र लागते, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी वजावटीची मर्यादा १ लाख रुपये आहे. आपले प्रकरण कोणत्या पद्धतीत बसते, ते आपल्या सनदी लेखापालांना विचारावे. एक सावधगिरी मात्र सर्वांसाठी. हात चालत नाही म्हणजे बुद्धी चालत नाही, असे समजून घरच्यांनी परस्पर सह्या करू नयेत. चेहरा कोरा दिसला, तरी आत माणूस जागा असतो. त्याला विचारावे, आणि उत्तर यायला वेळ लागतो, तेवढा थांबावे.

शुभंकरांविषयी लिहिले नाही, तर हा लेख अपुरा राहील. आजार एकाच्या देहात असतो, पण रात्रीचे जागरण दुसऱ्याच्या डोळ्यांत असते. वहिनी पहिल्या चार बैठकांत एक शब्दही बोलल्या नाहीत. दादा शेजारी बसलेले असताना त्या काय बोलणार? मग आम्ही अर्धा तास वेगळा ठेवला. शुभार्थी एका खोलीत व्यायाम करतात, शुभंकर दुसऱ्या खोलीत बसतात. त्या अर्ध्या तासात कळले की रोज त्याच प्रश्नाला उत्तर देताना प्रत्येकीचा पारा चढतो, आणि नंतर प्रत्येकीला त्याचे वाईटही वाटते. 'मला वाटायचे, मीच एकटी दुष्ट आहे,' असे एकजण म्हणाल्या, आणि बाकीच्या सगळ्या हसल्या. ते हसू फार औषधी होते.

वाचकहो, आपल्या भागात अशी बैठक सुरू करायची असेल, तर फार मोठे काही लागत नाही. उपाश्रयाची वा वाडीची तळमजल्यावरची एक खोली, जिथे उंबरठा नाही. हातांच्या खुर्च्या, कारण बिनहाताच्या खुर्चीतून उठणे या मंडळींना जड जाते. वेळ अशी, की बहुतेकांची गोळी लागू पडलेली असेल. आमच्याकडे सकाळी साडेदहा ठरली आहे. नियम थोडेच ठेवावेत. स्वतःची हकीकत सांगावी, दुसऱ्याला गोळी सुचवू नये. खोलीत ऐकलेले बाजारात नेऊ नये. तेल, पूड, यंत्र यांची विक्री होऊ देऊ नये. ज्याला बोलायला वेळ लागतो, त्याचे वाक्य दुसऱ्याने पूर्ण करू नये. पहिल्या दिवशी दोनच माणसे आली, तरी बैठक भरली असे समजावे.

एवढेही तूर्त जमणार नसेल, तर निदान एका घराला सांगावे. आपल्या ओळखीच्या पन्नास घरांतल्या एकातरी दाराआड हीच हकीकत बंद असणे अगदी शक्य आहे, आणि तिथली माणसेही कोणीतरी आधी बोलावे म्हणून वाट पाहत असतील. दादा हल्ली आठवड्यातून तीन दिवस दुकानात जाऊन बसतात. सही पुतण्याची असते. भावताव मात्र अजूनही दादाच करतात, हळू आवाजात, आणि समोरचे व्यापारी थोडे पुढे झुकून ऐकतात.